जनकाबाईंची नाडी

मोताळा तालुक्यातल्या निम्म्या गावांत अजीजुन्निसाला तिच्या पूर्ण नावानं कोणी ओळखत नाही. ‘चुडीवाली अजीजाबी’ म्हटलं की मात्र बाया लगेच सांगतात, बाजाररस्त्यावर तिचं दुकान कुठं आहे आणि कोणाच्या लग्नात तिनं किती जणींना बांगड्या भरल्या. तीस वर्षं ती हेच काम करते आहे. सासूच्या हाताखाली शिकली, आता सासू नाही. दुकानात नवरा अब्दुल गनी बसतो आणि लग्नसराईत गावोगाव ती जाते.

यंदा मे महिन्यात शेलगावच्या उत्तमराव पाटलांकडून बोलावणं आलं. त्यांच्या पूनमचं लग्न आठ दिवसांवर होतं. घर जुन्या ओळखीचं. उत्तमरावांची बायको जनकाबाई लग्न होऊन या गावात आली, तेव्हा तिच्या हातातला चुडाही अजीजाबीनंच भरला होता. म्हणून उन्हं चढायच्या आत ती दोन मोठ्या पेट्या घेऊन ऑटोनं शेलगावात पोचली.

अंगणात कापडाचा मांडव होता. सतरंजीवर बायांची रांग लागली. आधी नवरी, मग भावकीतल्या सुना, मग लेकी, मग शेजारणी. अजीजाबी हात बघूनच माप सांगायची. ‘सव्वादोन,’ ‘अडीच,’ ‘हात ढिला सोड व माय, मी काय तोडून नेऊन राह्यली का!’ हसणं, ओरडणं, एखादी काच तडकली की ‘अगं बाई गं’. दीड वाजेपर्यंत पन्नासावर बाया झाल्या. राहिली फक्त नवरीची आई.

जनकाबाई कोणाला पाणी दे, कोणाला चहा दे, यातच होती. शेवटी मोठ्या जावेनं, कलाबाईनं, तिला दंडाला धरून आणून बसवलं.

जनकाबाई बसली. पदरानं कपाळ पुसत राहिली. अंगणातून ओट्यावर आणि ओट्यावरून अंगणात, एवढंच तर चालली होती ती. पण श्वास असा लागला होता जणू विहिरीचं पाणी काढून आली आहे.

“दम लागला का व?” अजीजाबीनं विचारलं.

“उन्हाचं हो. अन् लग्नाचं घर.” जनकाबाईनं हात पुढे केला.

बांगडी भरताना अजीजाबीचा डावा हात खालून मनगटाला आधार देतो आणि उजव्या हातानं काच सरकते. डाव्या हाताची दोन बोटं नेमकी अंगठ्याच्या बाजूला, नाडीवर येतात. चोवीस वर्षं तिचं तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. गेली सहा वर्षं मात्र तिची बोटं ती जागा आपोआप ओळखत होती.

पहिली बांगडी गेली. दुसरी हातात घेतली आणि अजीजाबी थांबली. बोटांखाली एक ठोका जोरात आला. मग दोन लगालगा. मग काहीच नाही, आणि ती ‘संपलं की काय’ म्हणेपर्यंत पुन्हा एक, अगदी बारीक. मग परत घाई. कशाचाच कशाला मेळ नव्हता.

तिला हा मेळ नसलेला ठोका चांगला माहीत होता.

सात वर्षांपूर्वी अब्दुल गनीच्या छातीत असंच धडधडायचं. जिना चढला की धाप लागायची. दोघं म्हणायची, पित्त आहे. अजीजाबी त्याला जिऱ्याचं पाणी द्यायची, रात्रीचं जेवण हलकं करायची. असं वर्षभर चाललं. मग एका सकाळी दुकानात गिऱ्हाईकापुढे बांगड्यांचा डबा धरलेला त्याचा उजवा हात एकाएकी लुळा पडला. डबा खाली गेला. तो काहीतरी म्हणाला, पण शब्द तोंडातल्या तोंडात घोळले. दवाखान्यात कळलं की हृदयाची एक झडप पार आवळली आहे, त्यापायी ठोके बिघडले आहेत आणि हृदयात साचलेल्या रक्ताची बारीक गुठळी मेंदूत गेली आहे. पुढे झडप बदलली, तो वाचला, बोलणं परत आलं. पण त्या हातानं पुन्हा कधी कोणाला बांगडी भरता आली नाही. दहा गावं फिरणारा माणूस गादीवर बसला. डॉक्टरांनी अजीजाबीला मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायला शिकवलं होतं. रोज सकाळी ती घड्याळाकडे बघत ते मोजायची.

आता ती जनकाबाईचं मनगट धरून तशीच बसून होती.

“काय झालं? फुटली का?” जनकाबाईनं विचारलं.

“नाई. जनकाबाई, तुमाले छातीत धडधडते का?”

“धडधडते ना. लेकीचं लग्न हाये.”

“लग्न तं आत्ता ठरलं. त्याच्या अगोदर?”

जनकाबाईनं आठवून पाहिलं. “दोन वर्सं झाली असतीन. ते वयाचं हाये व. पाळी जायाची वेळ.”

“रातच्याले उशा किती घेता?”

“तीन. सपाट झोपलं का जीव घाबरते.” हे बोलून ती जरा चमकली. एवढं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

अजीजाबीनं आवाज खाली घेतला. “बाई, आमच्या यांची नाडी अशीच चालत होती. तुमी उद्याच बुलढाण्याले जा. डाक्टरले दाखवा.”

आवाज खाली घेतला तरी कलाबाईच्या कानावर गेलंच. ती मागेच उभी होती.

“अजीजाबी, काय बोलून राह्यली तू?” कलाबाई म्हणाली. “मांडवात बसून, चुडा भरता भरता, बिमारीच्या गोष्टी? आठ दिवसांवर लगन हाये. दुसरबीडवाल्या सोयऱ्याईच्या कानावर गेलं तं काय मनतीन? मायले असं हाये म्हणजे पोरीले बी असन, असंच मनतीन ना?”

कलाबाईचं चूक नव्हतं. चुडा भरताना बोलायचं ते चांगलं बोलायचं, हे सासूनं तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

“लगन झालं का जाईन मी,” जनकाबाई समजुतीनं म्हणाली. “आठ दिवसांत काय होते? भर तू.”

अजीजाबीनं उरलेल्या बांगड्या भरल्या. चांगलं तेच बोलली. साडी-चोळी घेतली, लाडू घेतले आणि पेट्या उचलून निघाली. पण ऑटोत बसल्यापासून तिला स्वतःचाच राग येत होता. आठ दिवसांत काय होतं ते तिला माहीत होतं. तेवढं व्हायला एक मिनिट पुरतं.

दुकानात आल्यावर तिनं पेट्याही उघडल्या नाहीत. गनीभाईला सगळं सांगितलं. त्यांचं घरातलं बोलणं अर्धं उर्दू, अर्धं वऱ्हाडी असतं.

“मी लय बोलली का?” शेवटी तिनं विचारलं.

गनीभाई म्हणाले, “बोलली ते बरं केलं. पन बायकांत बोलली. उत्तमरावले कोन सांगन?”

“मी कशी सांगू?”

“तू नोको सांगू. मी जातो उद्या.”

“तुमी? शेलगावले?” सहा वर्षांत ते एकटे गावाबाहेर गेले नव्हते.

“ऑटोत बसाचं अन् उतराचं. त्याले हात कायले लागते?” गनीभाई हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. समोर पत्रिकांचा गठ्ठा होता. गनीभाईंना ऑटोतून उतरताना पाहून ते उठूनच आले.

“रामराम गनीभाई! तुमी इकडे? बांगड्याचं काही राह्यलं का?”

“रामराम पाटील. बांगड्याचं नाही. बसून बोलतो.”

जनकाबाई चहा घेऊन आली. गनीभाईंनी तिलाही तिथंच बसायला सांगितलं. कलाबाई दारात उभी राहिली. काय विषय निघणार, हे तिला कळलं होतं.

गनीभाईंनी आडवळण घेतलं नाही. आपल्याला काय झालं होतं, कसं झालं होतं, ते सुरुवातीपासून सांगितलं. बोलताना काही शब्द अजून त्यांना सावकाश जुळवावे लागत. उत्तमराव मान खाली घालून ऐकत होते. मग गनीभाईंनी कुडत्याची वरची दोन बटणं डाव्या हातानं काढली. छातीच्या मधोमध वरून खाली गेलेला पांढुरका वण दिसला.

“झडपेच्या जागी लोखंडाचा वॉल बसवला हाये. जवळ या पाटील. कान लावा.”

उत्तमराव संकोचले. पण खुर्ची सरकवून त्यांनी कान जवळ नेला. अंगणात त्या वेळी फारसा आवाज नव्हता. त्यांना ऐकू आलं. बारीक, कोरडं, मनगटी घड्याळासारखं. टिक. टिकटिक. टिक. मग खंड. मग टिकटिक.

“एकसारकं नाई वाजत,” उत्तमराव म्हणाले.

“तेच तं सांगून राह्यलो. वॉल नवा बसला, पन चाल तेवढी बिघडली ते बिघडली. उशीर झाला होता. माह्या घरवालीले काल भाभीच्या हाताले हीच चाल लागली. तिची बोटं रोज माही नाडी धरतात, ते फसाची नाहीत. तुमी आठ दिवस थांबू नका. मी वर्षभर थांबलो.” त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर थांबली.

उत्तमरावांनी बायकोकडे पाहिलं. दोन वर्षांत जनकाबाईनं शेतात येणं कमी केलं, पाण्याची घागर पूनम उचलू लागली, झाडताना ती मधे मधे खाली बसू लागली. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं, आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

“पन मी मनते, लगनानंतर…” कलाबाई दारातून म्हणाली. आवाजात कालचा जोर नव्हता. “दुसरबीडवाले…”

तेवढ्यात पूनम आतून बाहेर आली. हातभर हिरवा चुडा, हातात मोबाईल. तिनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

“मोठीआई, मी गोकुळले फोन केला आत्ता,” ती म्हणाली. गोकुळ म्हणजे नवरदेव. दुसरबीडला त्याचं बियाण्यांचं दुकान होतं. “सांगून देलं सगळं.”

“अवं पोरी! मंग? काय मने?”

“मने, मायले अगोदर घेऊन जा. पत्रिका वाटाच्या राह्यल्या असतीन तं मी येऊन वाटतो.”

कलाबाईनं तोंडावर पदर धरला. तिला हसू आलं होतं की रडू, ते कळलं नाही. उत्तमराव मात्र उठलेच. त्यांनी पुतण्याला गाडी काढायला सांगितली आणि गनीभाईंचा तो अर्धा वळलेला हात दोन्ही हातांत धरला.

बुलढाण्याला जाताना राजूर घाट चढावा लागतो. गाडीत बसूनही जनकाबाईचा जीव वरखाली होत होता. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी आधी तिचं मनगट धरलं, मग छातीला नळी लावली, आणि दोन्ही एकदम मोजत राहिल्या.

“छातीत एकशे तीस ठोके पडताहेत आणि मनगटापर्यंत शंभरच पोचताहेत,” त्या म्हणाल्या. “बाकीचे वाटेतच विरतात. कोणाच्या लक्षात आलं हे?”

“चुडीवालीच्या,” जनकाबाई म्हणाली.

डॉक्टरांना ते नीट कळलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. ईसीजीची पट्टी काढली. छातीवर यंत्र फिरवून टू-डी इको केला. पडद्यावर करडं काहीतरी उघडझाप करत होतं. डॉक्टर ते बराच वेळ बघत राहिल्या, मग जनकाबाईला उठवून बसवलं.

“लहानपणी कधी ताप येऊन सांधे सुजले होते?”

जनकाबाईला आठवायला वेळ लागला नाही. “हाव. नऊ वर्सांची असन मी. अगोदर गुडघे सुजले, ते उतरले तं घोटे, मंग हाताचे कोपर. महिनाभर खाटेवर होती. माय मने वात हाये. गरम पाल्यानं शेकलं, मंग बरं झालं. पन त्याले आता चाळीस वर्सं झाली हो!”

“सांधे बरे झाले. पण तो ताप हृदयाच्या झडपेवर खूण ठेवून गेला.” डॉक्टरांनी कागद ओढून एक चौकोन काढला, त्याचे चार भाग केले. “हे वरचं खोलीसारखं आहे, हे खालचं. मधे दार. रक्त वरून खाली जातं. तुमचं हे दार वर्षानुवर्षं जाड होत होत चिकटलं. आता बोटभर फटीएवढंही उघडत नाही. मग रक्त वर तुंबतं. तुंबून तुंबून वरची खोली फुगली.”

“पाटाचं दार अर्धं बंद राह्यलं का मांगं पानी चढते, तसं,” उत्तमराव म्हणाले.

“अगदी तसंच. आता ठोक्याचा इशारा या वरच्या खोलीच्या भिंतीतून जातो. भिंत ताणून पातळ झाली, तिच्यात वण पडले, म्हणून तो इशारा सरळ वाटेनं जात नाही. इकडून तिकडून धावतो. खोली नीट आवळायची सोडून नुसती थरथरते. म्हणून धडधड. आणि थरथरणाऱ्या खोलीत रक्त कोपऱ्यात साचलं की गुठळी होते. मला भीती तिची आहे.”

“हे पोरीले बी होईन का?” जनकाबाईनं विचारलं. दुसरं काहीच विचारायचं नव्हतं तिला.

“नाही हो. हे आईकडून मुलीकडे जात नाही. घशाच्या आजारानंतर तो ताप येतो. मुलीच्या लेकरांचा घसा दुखला, ताप आला, तर वेळेवर दाखवा. एवढंच.”

जनकाबाईचे खांदे एकदम सैल पडले. मग तिनं पुढचं ऐकलं. ठोक्यांचा वेग कमी करायची गोळी, अंगातलं पाणी उतरवायची गोळी आणि रक्त पातळ ठेवायची गोळी, तिन्ही आजपासून. लग्नाला बसायचं, पण कामाला हात लावायचा नाही. लग्नाचा उपास धरायचा नाही. महिना-दोन महिने रक्त पातळ ठेवून, आत गुठळी नाही याची खात्री झाली की संभाजीनगरला जाऊन फुग्यानं ते दार उघडून घ्यायचं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेतात, तिच्या टोकाला फुगा असतो. झडप फार कडक झाली नव्हती म्हणून छाती उघडायची गरज नव्हती.

“अजून थांबला असतात तर कदाचित हे जमलं नसतं,” डॉक्टर म्हणाल्या.

लग्न ठरल्या दिवशी, ठरल्या वेळीच लागलं. पण जनकाबाई त्या दिवशी जागची हलली नाही, आणि याचं सगळं श्रेय कलाबाईला होतं. बुलढाण्याहून परतल्यावर सगळं ऐकून कलाबाईनं घरातलं काम आपल्याकडे घेतलं. लग्नाच्या सकाळी तिनं प्लॅस्टिकची खुर्ची मांडवाच्या खांबाजवळ, पंख्यासमोर ठेवली आणि जनकाबाईला तिथं बसवलं. त्यानंतर ती तिथली पोलीस झाली. जनकाबाई उठायला लागली की मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज यायचा, “बस खाली!” वऱ्हाडातल्या बायांनी विचारलं तर कलाबाई स्वतःच सांगायची, “तिच्या वॉलले तरास हाये. गोळ्या चालू हायेत. पोरीले काही होत नसते त्यानं, डाक्टरीनबाईनं लिहून देलं.” लिहून कोणी काही दिलं नव्हतं.

अजीजाबी आणि गनीभाई दोघं लग्नाला आले. अक्षता टाकून झाल्यावर अजीजाबी जनकाबाईच्या शेजारी येऊन बसली. कलाबाईनं तिच्या हातात बुंदीचं ताट दिलं आणि जवळ उभीच राहिली.

“त्या दिवशी मी जास्त बोलली अजीजाबी,” ती म्हणाली.

“बोलाची वेळ बी तशीच होती. जाऊ द्या.”

“जाऊ कशी देऊ?” कलाबाईनं आणखी दोन डाव बुंदी तिच्या ताटात टाकली. माफी मागायची तिची रीत तीच होती.

पूनमची पाठवणी झाली तेव्हा जनकाबाई रडली, सगळ्या आया रडतात तशीच. पण रडून झाल्यावर तिला धाप लागली नाही. गोळ्यांनी पायांची सूज उतरली होती, रात्री तीनच्या जागी एकच उशी पुरत होती. “मी आठ दिवसांत एवढं झोपली नसन, जेवढं गेल्या दोन वर्सांत झोपली नाही,” असं काहीतरी उलटसुलट ती आल्यागेल्याला सांगत होती, आणि ते सगळ्यांना बरोबर कळत होतं.

जुलैच्या शेवटी संभाजीनगरला फुग्यानं झडप उघडली. तासाभराचं काम. उत्तमराव बाहेरच्या बाकावर बसले होते आणि गनीभाई मुद्दाम एसटीनं तिथवर गेले होते. दोघांनी मिळून चार वेळा चहा घेतला. डॉक्टर बाहेर येऊन ‘छान झालं’ म्हणाले तेव्हा उत्तमराव उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी जनकाबाई वॉर्डातून जिन्यापर्यंत आणि परत चालून आली. मग कॉटवर बसून तिनं स्वतःच स्वतःचं मनगट धरलं. हे तिला अजीजाबीनं शिकवलं होतं. बराच वेळ धरलं आणि तिचा चेहरा पडला.

“हे तं अजून वाकडंच चालून राह्यलं,” ती राउंडला आलेल्या डॉक्टरांना म्हणाली. “मंग फायदा काय झाला?”

डॉक्टर तरुण होते. ते कॉटच्या कडेला टेकले. “आजी, दार उघडलं. पण खोली कित्येक वर्षं ताणलेली होती. ती एवढ्यात आपल्या जागी येणार नाही. कधी कधी ठोका परत सरळ होतो, कधी होत नाही. तुमच्याबाबतीत नाही झाला तरी गोळी वेग आटोक्यात ठेवेल आणि दुसरी गोळी गुठळी होऊ देणार नाही. त्या दोन सोडायच्या नाहीत. बाकी शेतात जा, सांभाळून वजन उचला, नातवंडं खेळवा.”

“नातू कुठले आले? लगन आत्ता झालं लेकीचं.”

“होतील की.”

जनकाबाई तेवढ्यावर समाधान मानून बसली नाही. तिनं गनीभाईंना विचारलं. “तुमचं सहा वर्सं असंच चालून राह्यलं? काही होत नाही?”

“काही होत नाही,” गनीभाई म्हणाले. “अगोदर अगोदर ध्यान जाते. मंग आपन आपल्या कामात, ते त्याच्या कामात.”

हे तिला पटलं.

रक्त पातळ ठेवायची गोळी घेतली की महिन्याला रक्त तपासावं लागतं. फार घट्ट नको, फार पातळही नको. गनीभाई दर महिन्याला बुलढाण्याला जायचेच. आता जनकाबाईही त्याच दिवशी जाऊ लागली. शेलगावाहून ती मोताळ्याला येते, अजीजाबी दुकान तेवढ्यापुरतं बंद करते, आणि तिघं सकाळच्या एसटीनं निघतात. उत्तमरावांनी दोन वेळा बरोबर येऊन पाहिलं. या तिघांच्या गप्पांत आपल्याला जागा नाही हे कळल्यावर त्यांनी नाद सोडला.

ऑक्टोबरच्या फेरीत दोघांचेही आकडे चांगले आले. गनीभाईंचे नेहमीसारखे, आणि जनकाबाईचे पहिल्यांदाच पाहिजे तितके. मागच्या महिन्यात तिचं रक्त घट्ट निघालं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, की घरी मेथीची नवी भाजी आली आणि ती रोज वाटीभर खात होती.

“भाजी बंद करू नका,” डॉक्टर बाईंनी तेव्हा सांगितलं होतं. “पण एका आठवड्यात डोंगर आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं नको. दर आठवड्याला तेवढीच.”

“कलाबाई मोजून वाढते आता,” परतीच्या एसटीत जनकाबाई सांगत होती. “ताटात पायते अन् मनते, झाली तुही मेथी. मी मनते, माय मेली माही, सासू मेली, आता तू उरली.”

अजीजाबी हसून हसून पुढच्या बाकावर टेकली. गनीभाई खिडकीला डोकं लावून पेंगत होते.

घाटात एका वळणावर बस थांबली. रस्त्याच्या कडेला बाया टोपल्यांत सीताफळं घेऊन बसल्या होत्या. डोळे उघडलेली, हाताला मऊ लागणारी. कंडक्टरच खाली उतरून घासाघीस करत होता, म्हणून बाकीच्यांनाही उतरायला वेळ मिळाला. जनकाबाई उतरली आणि टोपलीजवळ उकिडवी बसून एकेक फळ दाबून बघू लागली. त्या सीताफळवालीला ते आवडलं नाही.

“दाबू नका व बाई, लोनी हाये नुसतं!”

“लोनी हाये का गोटा हाये, तेच तं पाहून राह्यली.”

ओटीत दहा-बारा फळं घेऊन ती बसमध्ये चढली. दोन पूनमसाठी बाजूला काढली. दिवाळीला ती आणि गोकुळ येणार होते, पण दिवाळीला अजून वेळ होता, आणि तोवर ही फळं टिकणार नाहीत हे तिच्या ध्यानात आलं.

“मंग खाऊन टाकू,” अजीजाबी म्हणाली.

तिनं गनीभाईंना जागं केलं आणि एक फळ फोडून त्यांच्या डाव्या हातात दिलं. खाली मोताळ्याकडचं रान दिसत होतं. कपाशी फुटली होती, सोयाबीन निघून काही शेतं मोकळी झाली होती. तिघांनी बिया टाकायला अजीजाबीच्या पिशवीतला जुना कागद मधे धरला. बसला गचके बसत होते. बिया कागदावर कमी आणि खाली जास्त पडत होत्या.

“पुढच्या महिन्यात कोनत्या तारखेले?” जनकाबाईनं तोंडातली बी काढत विचारलं.

“सोळा,” गनीभाई म्हणाले.

“सोळाले जमत नाही. पूनम असन घरी.”

“मंग सतराले जाऊ.”

“हाव, सतराले,” जनकाबाई म्हणाली आणि दुसरं फळ फोडलं.